आधी जंत की आधी क्षय?

पत्राचा गोषवारा : गुहागर तालुक्यातल्या एका गावातून 27 वर्षांच्या लेकीने हे पत्र लिहिलं आहे. ती मुंबईत नोकरी करते, सध्या रजा काढून घरी आली आहे. वडील 58 वर्षांचे, नारळ-पोफळीची वाडी सांभाळतात. पावसाळ्यानंतर त्यांचा खोकला हटेना, वजन उतरलं. थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला. सहा आठवडे सरकारी गोळ्या चालू आहेत. ताप गेला, खोकला निम्म्यावर आला, पण अंगातली मरगळ जात नाही. पुन्हा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन अवघं 7.6. मग शौचाची तपासणी केली, तर त्यात अंकुशकृमी या जंताची अंडी सापडली. तिथून घरात वाद सुरू झाला. काकांनी मोबाइलवर ऐकलं की जंत प्रतिकारशक्ती खातात, म्हणून टीबीच्या गोळ्या लागूच पडत नाहीत. त्यांचं म्हणणं, महिनाभर गोळ्या बंद करू, आधी पोट साफ करू. आजी वावडिंगाचा काढा देते आहे आणि तिने मासळी ‘उष्ण’ म्हणून बंद केली आहे. आईला वाटतं, सहा महिने निमूटपणे टीबीच्या गोळ्या घ्याव्यात, जंतांचं नंतर बघू. बाबांना गोळ्यांनी मळमळतं, त्यामुळे काकांचा सल्ला त्यांना गोड लागतो आहे. घरात वहिनी आणि तीन वर्षांचा भाचा आहे, त्यांचीही काळजी आहे. लेक लिहिते, ‘शंभरदा सांगितलं, वाडीत चपला घालून जा. ऐकलं नाही. त्यांनीच हे ओढवून घेतलं. आता आधी काय करायचं, जंत की क्षय?’

उत्तर :

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तारीख पाहिली. पत्र टाकून चार दिवस झाले होते. म्हणून ज्याला उशीर चालणार नाही ते आधी सांगते. बाबांच्या क्षयाच्या गोळ्या थांबवू नका. महिनाभर तर नाहीच, आठवडाभरही नाही. या चार दिवसांत काकांचं ऐकून थांबवल्या असतील, तर हे वाचून झाल्यावर आरोग्य केंद्रात फोन कर, किती डोस चुकले ते खरं खरं सांग आणि पुढे कसं घ्यायचं ते विचार. लपवू नकोस. तिथे कुणी रागावलंच तर ते ऐकून घे.

आता काकांकडे वळते. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण ते अर्धं खरं आहे. निखळ खोटं असतं तर दोन वाक्यांत ते खोडता आलं असतं. अर्ध्या खऱ्याला मात्र नीट वेळ द्यावा लागतो.

आपल्या भाषेत जंत आणि जंतू या दोन शब्दांत एका उकाराचा फरक आहे, आणि घराघरांतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अंकुशकृमी हा जंत. साधारण एक सेंटिमीटर लांब, दोऱ्याच्या तुकड्यासारखा, आतड्याच्या अस्तराला तोंडाने चिकटून रक्त पिणारा. क्षयाचा जंतू त्याच्या काही हजारपट लहान असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्याच पेशींच्या पोटात शिरून राहतो. एवढ्या वेगळ्या दोन शत्रूंसाठी शरीराची तयारीही वेगळी असते.

क्षयाच्या जंतूला शरीर गिळतं. फुप्फुसात गस्त घालणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी त्याला आत घेतात, पण तो आत जाऊनही मरत नाही. मग टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि गॅमा इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात. त्या हाकेने भक्षक पेशींना जोर येतो, त्या आतल्या जंतूला मारू लागतात. जे मरत नाहीत त्यांच्याभोवती पेशी दाटीने गोळा होतात आणि आपल्याकडे जांभ्या दगडाचा गडगा घालतात तसा गडगा उभा राहतो. असंख्य लोकांच्या छातीत क्षयाचे जंतू असे गडग्याआड जन्मभर पडून असतात आणि ते लोक कधी आजारी पडत नाहीत.

जंताला गिळणं शक्य नाही, तो फारच मोठा. म्हणून शरीर दुसरी तऱ्हा वापरतं. आतड्यात चिकट स्राव वाढवायचा, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, आयजीई प्रकारची प्रतिद्रव्यं बनवायची आणि पाहुण्याला बाहेर ढकलायचं. बाबांच्या रक्ताच्या कागदावर ‘इओसिनोफिल्स’ अशी एक ओळ असेल, ती बघ. आकडा चढलेला असण्याची बरीच शक्यता आहे. या दुसऱ्या तयारीचे जे निरोप असतात, इंटरल्युकिन-4 आणि इंटरल्युकिन-13, ते पहिल्या तयारीला मागे ओढतात. हे निरोप पोचले की त्याच भक्षक पेशी मारण्याचं काम सोडून डागडुजीला लागतात. शिवाय जंताला आतड्यात वर्षानुवर्षं राहायचं असतं. घरात रोज भांडण झालं तर त्याला टिकता येणार नाही, म्हणून तो यजमानाला शांत ठेवतो. शरीराच्या स्वतःच्याच आवर घालणाऱ्या पेशी आणि इंटरल्युकिन-10 नावाचं रसायन त्याच्या मुक्कामात वाढतं.

हे निव्वळ कागदावरचं नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अंकुशकृमी असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या रक्ताची तुलना केली. ज्यांच्या छातीत क्षयाचा जंतू नुसताच दडून होता त्यांची, आणि ज्यांना क्षयाचा आजार होता त्यांचीही. जंत असलेल्यांत क्षयाविरुद्ध उठणाऱ्या टी पेशींचा जोर कमी दिसला, आणि प्रयोगशाळेत इंटरल्युकिन-10 अडवल्यावर तो बराच परत आला. काकांच्या मोबाइलमधल्या माणसाने हेच कुठेतरी वाचलं असणार.

पण यातून ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ हे कुठून आलं? इथे काकांची गाडी रस्ता सोडते. क्षयाच्या गोळ्यांतली रिफाम्पिसिन आणि आयसोनायझिड ही औषधं प्रतिकारशक्तीची परवानगी घेऊन काम करत नाहीत, ती जंतूवर थेट घाव घालतात. प्रतिकारशक्ती धडधाकट असेल तर उरलेसुरले सुस्त जंतू आटोक्यात ठेवायला, आजार उलटू न द्यायला मदत होते, हे खरं. पण मुख्य मारा औषधांचाच. पुरावा तुझ्या घरात आहे. सहा आठवड्यांत ताप गेला, खोकला निम्मा झाला, वजन दीड किलोने वाढलं असं तूच लिहिलं आहेस. पोटात जंत असतानाच हे सगळं झालं ना? मग गोळ्या लागू पडत आहेत.

आता उलट बाजूही सांगते, म्हणजे जंतांवर उपचार केला की क्षय झपाट्याने बरा होईल अशी आशा कुणी लावून बसणार नाही. इथिओपियातल्या गोंदर इथे जंत असलेल्या 140 क्षयरुग्णांवर एक नेटकी चाचणी झाली, ती 2015 साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना क्षयाच्या औषधांबरोबर अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दोन महिन्यांनी पाहिलं तर अल्बेंडाझोल घेतलेल्यांचे इओसिनोफिल उतरले होते, पण खोकला, वजन, अशक्तपणा यांवरून मोजलेली क्षयाची सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखी होती. इतर देशांतल्या निरीक्षणांतही एकवाक्यता नाही. कुठे जंत असलेल्यांचा क्षय जास्त पसरलेला दिसला, कुठे फरकच दिसला नाही. म्हणजे रक्तातल्या रसायनांत फरक पडतो हे पक्कं, पण खाटेवरच्या माणसाला त्याने किती फरक पडतो हे अजून तितकं पक्कं नाही. माझं मत विचारशील तर, बाबांच्या जंतांवर उपचार करायचं खरं कारण प्रतिकारशक्ती नाहीच. ते कारण त्यांच्या रक्ताच्या कागदावर लिहिलेलं आहे, 7.6.

या आकड्यापाशी थोडं थांबू. अंकुशकृमीच्या दोन जाती माणसात आढळतात. एका जातीचा एक जंत दिवसाला साधारण 0.03 मिलिलिटर रक्त घालवतो, दुसरीचा 0.2 मिलिलिटरपर्यंत. वाचायला क्षुल्लक वाटतं. पण शंभर जंत धर, म्हणजे रोज तीन ते वीस मिलिलिटर, अर्धा ते चार चमचे. रोज, बिनबोभाट, वर्षानुवर्षं. माणसाला कळतही नाही. तो म्हणतो वय झालं, पहिल्यासारखं शिपणं होत नाही, पोफळीच्या दोन ओळी झाल्या की बसावंसं वाटतं. तुझे बाबा गेल्या वर्षीपासून असं म्हणत होते, असं तू लिहिलंस. क्षय तर या पावसाळ्यानंतर आला.

मात्र सगळा दोष जंतांच्या माथीही मारू नकोस. क्षयातही रक्त कमी होतं. जंतूला वाढायला लोह लागतं, म्हणून आजारात शरीर आपलं लोह कोठारात कुलूपबंद करतं आणि मग रक्त बनवायलाही ते मिळत नाही. क्षय बरा होत गेला की हे कुलूप हळूहळू उघडतं. त्यामुळे लोहाची गोळी कधीपासून, किती, क्षयाच्या गोळ्यांपासून किती अंतराने, हे दुकानातून बाटली आणून घरी ठरवायचं नाही. डॉक्टरांना 7.6 हा आकडा दाखवून विचारायचं. धाप लागत असेल, पायांवर सूज असेल, छातीत धडधडत असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

तर तुझ्या घरात तीन मतं आहेत आणि तिन्हींत एक गृहीत आहे, की एका वेळी एकच आजार हाताळायचा. हे कुणी ठरवलं? शेतात एका बाजूने डुक्कर येतो आणि दुसऱ्या बाजूने माकडं, तेव्हा आधी कोण म्हणून आपण थांबत नाही.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे गोळ्या महिनाभर थांबवल्या तर अर्धमेले जंतू पुन्हा डोकं वर काढतील, त्यातले काही औषधाला दाद न देणारे होतील, आणि मग सहा महिन्यांच्या जागी अधिक लांब, अधिक त्रासाचे उपचार वाट्याला येतील. शिवाय खोकल्यातून घरच्यांना लागण व्हायचा धोका परत येईल. आईच्या म्हणण्याप्रमाणे जंत साडेचार महिने तसेच ठेवले तर क्षयाला अपाय होईलच असं नाही, पण रक्त रोज जात राहील आणि बाबांनी कष्टाने खाल्लेलं अन्न त्या खड्ड्यात पडेल. दोन्हींना छेद देणारा रस्ता सरळ आहे. क्षयाच्या गोळ्या चालू असतानाच जंतांचं औषध घ्यायचं. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम हे या कामाचं नेहमीचं औषध आहे. एक मात्रा पुरे की तीन दिवस द्यायचं हे डॉक्टर सांगतील. त्यांना बाबांच्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं दाखव. दोन-तीन आठवड्यांनी शौचाची तपासणी पुन्हा करून घ्या, कारण एका मात्रेत सगळे जंत पडतीलच असं नसतं.

आजीच्या काढ्याबद्दल. वावडिंग आणि डिकेमाली आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे, त्यामागची माया मला कळते. पण या सहा महिन्यांत बाबांचं यकृत क्षयाच्या गोळ्यांचा भार वाहतं आहे. त्यावर काय, किती उकळून जातं याचा हिशेब नसलेला काढा रोज नको. मळमळ नुसती असेल तर गोळ्या घेण्याची वेळ आणि पद्धत बदलून बरेचदा सुसह्य होते. पण मळमळीबरोबर डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासनाच गेली, पोटात उजवीकडे वर दुखू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे. लघवी नारिंगी-तांबडी होते म्हणून बाबा घाबरले होते, तो मात्र रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे.

(तांबड्या लघवीवरून आठवलं म्हणून सांगते. तुझ्याच तालुक्यातलं गिमवी हे गाव वैद्यकाच्या ग्रंथांत आहे. लघवीतून रक्त पाडणाऱ्या एका जंताचं, शिस्टोसोमाचं, ठाणं तिथे सापडल्याची नोंद 1952 सालची आहे. आफ्रिकेत घराघरांत माहीत असलेला हा आजार भारतात जवळपास कुठेच नव्हता आणि कोकणातल्या एका ओढ्याकाठी मात्र होता, कारण त्या जंताला वाढायला लागणारी गोगलगाय तिथल्या पाण्यात होती. जंतांचं असंच असतं. त्यांना माणूस लागतो, तशी सोयीची जागाही लागते.)

आता त्या वाक्याकडे येते, जे तू पत्राच्या शेवटी रागाने लिहिलंस. ‘त्यांनीच हे ओढवून घेतलं.’

मी किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा शौचाच्या काचपट्ट्या स्वतः बघायचे. अंकुशकृमीचं अंडं दिसायला फार देखणं असतं. लंबगोल, काचेसारखं पातळ कवच, आत चार-आठ पेशींचा पुंजका, आणि पुंजका व कवच यांच्यामध्ये मोकळी नितळ जागा. काचेवरून डोळा उचलला की समोर बाकावर तो माणूस बसलेला असायचा. त्याच्या टाचांच्या भेगांत तांबडी माती इतकी मुरलेली असायची की ती धुऊन निघत नसे. त्या भेगांना मी दोष देऊ शकले नाही.

‘माझ्या बापाने वाडीत कधी वहाण घातली नाही,’ असं बाबा म्हणाले, हे तूच लिहिलंस. हा हट्ट नाही गं. ज्या मातीत माड उभा केला, ज्या मातीत बापाने दिवस घालवले, तिथे चपला घालून जाणं त्यांना देवळात चपला घालून जाण्यासारखं वाटतं. आणि खरं सांगायचं तर मातीने त्यांना जंत दिलेच नाहीत. अंकुशकृमी मातीत जन्मत नाही. कुणाच्या तरी शौचातून अंडी तिथे पडतात, एक-दोन दिवसांत फुटतात, आठवडाभरात त्यातून निघालेल्या अळ्या माणसाच्या कातडीतून आत शिरण्याजोग्या होतात. त्यांना हवी असते सावली, ओल आणि भुसभुशीत माती. पोफळीच्या वाडीत तिन्ही बारमाही मिळतं, पाट आणि शिपणं यांनी ते आपणच जपतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यातून अळी शिरते, तिथे दोन दिवस खाज सुटते आणि आपण म्हणतो, चिखल्या झाल्या. तिथून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून वर घशाशी, आणि गिळली गेली की आतड्यात.

म्हणून एक प्रश्न विचारते. तू जाता जाता लिहिलंस की संडास घराशी आहे आणि वाडी वहाळापलीकडे दहा मिनिटांवर आहे. मग वाडीत दिवसभर राबणारे गडी, नारळ उतरवायला येणारा पाडेली, आणि बाबा स्वतः, गरज पडली की कुठे जातात? तू चपलांवर भांडत बसलीस, पण मूळ इथे असावं. वाडीच्या कडेला एक साधा दोन खड्ड्यांचा संडास आणि हात धुवायला पाण्याचा पिंप, एवढं झालं तर बाबांच्या अनवाणी पायांना तितकी भीती उरणार नाही, आणि गड्यांच्या पोरांनाही. संडासाची टाकी उपसून ताजा गाळ झाडांना घालायची सवय कुठे असेल तर तीही बंद करायची. हे व्हायला महिने लागतील. तोवर बाबांनी वाडीत प्लास्टिकचे बंद बूट घालावेत. ‘तुम्ही चुकलात’ म्हणून सांगशील तर ते ऐकणार नाहीत. ‘बाबा, औषधाने जंत पडतील, पण महिनाभरात पुन्हा शिरले तर रक्त परत जाईल, डॉक्टरांनी सहा महिने बूट सांगितलेत’ असं सांग. सहा महिने या शब्दाला त्यांनी गोळ्यांच्या निमित्ताने होकार दिलेलाच आहे.

काका आणखी एक म्हणतात, हा टीबी नाहीच, जंतांचाच खोकला. असं कधी कधी असतं, हे मान्य. जंतांच्या अळ्या फुप्फुसातून जाताना खोकला येतो, हत्तीरोगाच्या कृमींमुळे रात्री ढास लागते आणि एक्स-रे बघून क्षयाचा भास होतो. पण बाबांच्या थुंकीत क्षयाच्या जंतूचा अंश यंत्राने प्रत्यक्ष पकडला आहे. तिथे वादाला जागा नाही.

घरातल्या बाकीच्यांचं सांगते. क्षयरुग्णाच्या घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं असतं. कुणालाही आजार नाही याची खात्री झाली की पुढे होऊ नये म्हणून औषध मिळतं, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा त्यावर पहिला हक्क असतो. म्हणून भाच्याला या आठवड्यात घेऊन जा. तपासणीत कातडीवरची टोचणी किंवा रक्ताची चाचणी केली, तर त्यात शरीराचा प्रतिसाद मोजतात आणि अंगात जंत असतील तर तो प्रतिसाद कधी कधी मंद येतो. तेव्हा कुणाला खोकला, ताप असेल तर ती चाचणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. शौचाची तपासणीही सगळ्यांची करून घ्या. भाच्याला जंतनाशक गोळी अंगणवाडीत मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिन 10 फेब्रुवारीला असतो, दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांसाठी ती असते, पण बाबांच्या वयाची माणसं त्यात येत नाहीत, म्हणून त्यांचे जंत वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आले नाहीत. घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही, नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

वहिनीने विचारलं आहे, जंतांमुळे मुलाची बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, फुकट गेली का. नाही. इथिओपियात मोठ्या माणसांना आधी जंतांचं औषध देऊन मग बीसीजी टोचली तेव्हा प्रतिसाद सुधारलेला दिसला होता, हे खरं. पण युगांडात एंटेबे इथे गरोदर बायकांना जंतांचं औषध देऊन त्यांच्या बाळांचा बीसीजीला मिळणारा प्रतिसाद मोजला, तिथे फरक पडला नाही. जन्मतः टोचलेली बीसीजी लहान मुलाला मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून आधार देते, तो आधार त्याला आहे.

आजीला माझा नमस्कार सांग आणि मासळी परत सुरू करायला सांग. क्षयात उष्ण-थंड बघण्यापेक्षा पोटात किती जातं हे बघायचं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना महिन्याच्या महिन्याला धान्य-डाळीचा शिधा दिला, तर घरातल्या इतरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. 2023 साली हे निष्कर्ष आले तेव्हा मला किनाऱ्यावरची कितीतरी घरं आठवली, जिथे रुग्णाचं ताट आपण आजाराच्या नावाने अर्धं करत होतो. बाबांना सकाळी पेज, तिच्यात मूठभर नाचणी, बरोबर सुकट. दुपारी कुळथाची पिठी, भात, मासा. रोज एक अंडं. जेवणात लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1,000 रुपये नोव्हेंबर 2024 पासून मिळतात, पूर्वी 500 होते. बाबांच्या बँक खात्याची नोंद झाली आहे का ते आरोग्य केंद्रात विचार.

अशाच घरातून हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. क्षयाच्या काही प्रकारांत, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षय वगैरे, डॉक्टर स्टेरॉइड देतात. रुग्ण आयुष्यभर अनवाणी मातीत राबलेला असेल तर हे त्यांना आवर्जून सांगा. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत अंगातच पिढ्या वाढवतो आणि स्टेरॉइड मिळालं की बेफाम होऊन जिवावर बेततो. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते आधी द्यावं लागतं.

रजा 15 तारखेला संपते, जाऊ की नको, असं विचारलं आहेस. जा. नोकरी सोडून बसण्याची गरज नाही, पैसाही लागणारच आहे. जाण्याआधी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जा, काकांनाही बरोबर घे. त्यांना बाहेर बाकावर ठेवू नकोस, आत ने आणि मोबाइलवरचा प्रश्न त्यांनाच विचारू दे. भावासाठी तळमळून ते शोधत बसले होते, उत्तर त्यांना समोरासमोर मिळायला हवं. गोळ्यांचं पाकीट आईच्या ताब्यात दे आणि रोज रात्री तिला फोन करून बाबांशी बोल, गोळीचं सगळ्यात शेवटी विचार. आणि निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांबरोबर वाडीत जा. त्यांच्याबरोबर तूही बूट घाल. वहाळापलीकडे संडासाला जागा कुठली, उतार कुठे, विहीर किती लांब, हे त्यांनाच दाखवू दे. ती वाडी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही.

तपासणीचा दुसरा कागद आला की कळव.